छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाके : खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

पनवेल तालुक्यात आता शेती राहिलीच कुठे, असे शहरातली माणसे सहज बोलून जातात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हापासून इथली भातखाचरे शहराच्या पोटात जात आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर तर उरल्यासुरल्या जमिनीचे भावही चहाच्या टपरीवर ऐकू येतात. तरीसुद्धा गाढी नदीच्या वरच्या अंगाला नेरे-वाजेकडे, कर्नाळ्याच्या बाजूला आणि महामार्गालगतच्या रोपवाटिकांत काम चालूच आहे. जमिनीचे तुकडे लहान झाले, तसा ट्रॅक्टरही लहान झाला. १५ ते २५ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आंब्याच्या दोन ओळींतून निघतो, खाचराच्या कोपऱ्यात वळतो आणि घरचे काम नसेल तेव्हा भाड्याने जाऊन दोन पैसे आणतो. व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती, महिंद्राचा युवराज ही नावे वाडीवाल्यांना परकी नाहीत.

हे ट्रॅक्टर अक्सर दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेले असतात. घेणारा इंजिन ऐकतो, धूर पाहतो, हायड्रॉलिक उचलून बघतो आणि बयाणा देतो. पुढच्या चाकांकडे तो बघत नाही. इंजिन बिघडले तर ओरडून सांगते, स्टीअरिंग मात्र गुपचूप बिघडत जाते. हळूहळू गाडी डावीकडे ओढू लागते, चाकात हातभर खेळ येतो, पुढचे टायर एकाच हंगामात एका कडेने खलास होतात. चालवणाऱ्याच्या हाताला सवय होते आणि तो म्हणतो, जुनी गाडी आहे, चालायचेच. पण बांधावरून जाताना किंवा मागे भरलेली ट्रॉली घेऊन मुंबई-गोवा महामार्ग ओलांडताना हेच दुखणे जिवावर येते. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका पिनवर झुलतो. पुढचे चाक अचानक वळले आणि बांधाची कड सुटली, तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

आता गॅरेजमध्ये काय होते ते पाहू. मालक सांगतो, अलाइनमेंट बिघडली आहे. मिस्त्री दोन पाने घेतो, टाय रॉड थोडा पिळतो, चाके डोळ्याला सरळ दिसू लागतात, पैसे घेतो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. कापडाच्या धंद्यात हा प्रकार आम्हाला चांगला ओळखीचा आहे. ठाणात बाणा तिरका पडला असेल तर ओढून, इस्त्री मारून तो सरळ दाखवता येतो. पहिल्या धुण्यात कापड आपल्या मूळ वळणावर जाते. टाय रॉड पिळणे ही इस्त्री आहे. दोष झिजलेल्या सांध्यांत असतो. सांधे ढिले असताना घेतलेले माप खरे नसते, कारण चाक त्या ढिलाईत इकडेतिकडे हलत राहते. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आधी ढिलाई शोधा, ती काढा आणि टाय रॉडला हात सर्वांत शेवटी लावा. या क्रमाने गेले तर खर्च कमी येतो आणि एकदाच येतो.

शोधाची सुरुवात टायरपासून करावी, कारण त्याला पैसे लागत नाहीत. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी आहे का? पुढच्या टायरला मागच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा टायरवर पाहावा. एक टायर एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्या कंपनीचा, एक नवा, एक रिमोल्ड, असा जोड असेल तर त्यांच्या घेरातच फरक असतो आणि गाडी लहान घेराच्या बाजूला ओढते. दोन्हींच्या घेराभोवती फीत लावून पाहावी. कितीतरी लोकांचे दुखणे इथेच संपते.

मग टायरवरून हात फिरवावा. दोन चाकांना ताकद असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर गोलाकार उभ्या पट्ट्या असतात, बहुधा तीन. आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर चाक सरळ लोळत नाही, घासत चालले आहे असे समजावे. बाहेरची पट्टी जास्त झिजली असेल तर चाकांची तोंडे पुढून गरजेपेक्षा जास्त आत आहेत, आतली झिजली असेल तर ती बाहेर फाकली आहेत. दोन्ही टायरांवर झीज सारखी नसेल तर एका बाजूचा काही भाग वाकला असण्याचा संशय धरावा. टायरची झीज म्हणजे दुकानाची जुनी खातेवही. सहा महिन्यांत काय काय घडले ते तिच्यात लिहिलेले असते.

यानंतर दोन माणसांचे काम. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावावेत. एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. स्टीअरिंग बॉक्समधून निघालेला ड्रॉप आर्म, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, तिच्या टोकाचे बॉल जॉइंट, मग स्टीअरिंग आर्म, मग टाय रॉड आणि त्याची दोन टोके. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी बाजू उशिरा हलते, तिथे झीज आहे. बोटाला ती डोळ्याआधी कळते. मिस्त्री लोक याला प्ले म्हणतात. थोडा प्ले नव्या गाडीतही असतो, पण स्टीअरिंगचे चाक तीन-चार बोटे फिरले तरी खालचे चाक हलतच नसेल, तर ती बाब सोडून देण्यासारखी नाही.

आता पुढचे एक चाक जॅकने उचलावे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नये. आसाखाली मजबूत लाकडी ठोकळा सरकवल्याशिवाय काम करायचे नाही. चाकाला वर आणि खाली धरून हलवावे. चाक हलले तर दोन शक्यता असतात, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. आतल्या स्टब आसाच्या मानाने फक्त हब हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. ते आवळून किंवा बदलून काम होते, खर्च थोडा. हबसकट स्टब आसही हलत असेल तर किंगपिन आणि तिचे बुश झिजले आहेत. दोन्हीची लक्षणे वरून सारखी, बिल मात्र वेगळे. मिस्त्रीने किंगपिन सांगितली तर त्याला म्हणावे, उस्ताद, हे हलते कुठून ते आधी दाखवा.

किंगपिन आमच्या भागात लवकर का जाते, याचे कारण चिखलणी. आवण उपटून लावणी करण्याआधी ट्रॅक्टर तासन् तास गुडघाभर चिखलात चालतो. बारीक गाळ पाण्याबरोबर बुशमध्ये शिरतो आणि सरसकागदाचे काम करतो. खाडीकाठच्या खारजमिनीत त्याच्या जोडीला मीठ येते. उपाय जुनाच आहे, आणि सर्वांत स्वस्त: ग्रीस. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी गाडी धुतल्यावर किंगपिनच्या निपलमध्ये ग्रीसगन लावावी आणि जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत मारत राहावे. ग्रीस आत जातच नसेल तर निपल बुजले आहे. ते बदलायला किती पैसे लागतात? एका कटिंग चहाच्या हिशेबात बसेल. पण ते न बदलल्याने किंगपिन, बुश आणि शेवटी टायर असे तीन खर्च मागे लागतात.

झिजलेल्या किंगपिनवर वेल्डिंगचा थर चढवून, लेथवर घासून पुन्हा बसवण्याचा एक धंदा चालतो. स्वस्त पडतो, आणि म्हणूनच गिऱ्हाईक मिळते. या भागाला कारखान्यात विशिष्ट कडकपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो बिघडतो, आणि मग झीज परवडली, पण तडा परवडत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ आणि तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत इतके चांगले टर्नर बसले आहेत, की पितळी मिश्रधातूचे बुश मापाने करून घेणे कठीण नाही. पिन नवी घ्यावी, बुश करून घ्यावा. बुश हा झिजण्यासाठीच असतो. टाय रॉडबद्दल तर कोणतीही तडजोड नको. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे किंवा तुटलेला जोडून वापरणे म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवावर चार पैसे वाचवणे. टाय रॉड सुटला की दोन्ही पुढची चाके आपापल्या मर्जीची होतात, आणि रस्त्यावर आपण एकटे नसतो.

आणखी एक जागा आहे जिच्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही: पुढच्या आसाची मधली पिन. संपूर्ण पुढचा आस तिच्यावर वर-खाली झुलतो, म्हणून तिचा बुशही झिजतो. आमच्या ओळखीच्या एका वाडीवाल्याने एका वर्षात दोनदा टाय रॉडचे काम करवले आणि दोन टायर बदलले. गाडी तरी सरळ चालेना. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिनच्या पुढच्या भागाखाली जॅक लावून आस अधांतरी केला, पहार घालून पुढे-मागे हलवला, तर पूर्ण आसच बोटभर सरकत होता. आस मागे-पुढे झाला की किंगपिनचा कलही बदलतो. हा कल, म्हणजे कास्टर, मुद्दाम ठेवलेला असतो. सायकलचा हँडल सोडला तरी चाक सरळ धावते, त्यातला काही भाग याच कलाचा. तो बिघडला तर टाय रॉड कितीही पिळा, काही उपयोग नाही. एका बुशचे काम होते, झाले दोन टायरचे नुकसान.

ज्या ट्रॅक्टरचा पुढचा आस लांब-आखूड करता येतो, त्यात आणखी एक गंमत होते. रोपांच्या ओळीप्रमाणे चाकांतले अंतर बदलताना एका बाजूचा बोल्ट तिसऱ्या भोकात आणि दुसऱ्या बाजूचा चौथ्या भोकात बसतो, किंवा आस वाढवला जातो पण टाय रॉड तेवढा वाढवला जात नाही. दोन्हीकडची भोके मोजून पाहावीत. फर्ग्युसन घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांत, म्हणजे १९४६ पासून इंग्लंडात निघालेल्या टीई-२० च्या वळणाच्या गाड्यांत, आडवा टाय रॉडच नसतो. बॉक्समधून दोन्ही बाजूंना एकेक लिंक निघते. आसही मागे कललेला असतो, त्यामुळे अंतर बदलले तरी स्टीअरिंगची मांडणी हलत नाही. अशा गाडीत माप दोन्ही लिंकांवर बेताने वाटून घ्यावे लागते. सगळा फरक एकाच बाजूला काढला तर स्टीअरिंग एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी वळते.

स्टीअरिंग बॉक्स सर्वांत शेवटी. आधी त्याचे चेसिसवरचे बोल्ट आवळून पाहावेत, कारण तेच ढिले निघाले तर बॉक्स निर्दोष सुटतो. मग आतले तेल. पुष्कळ बॉक्सना प्ले कमी करण्याचा एक स्क्रू असतो आणि तो आवळला की खेळ जादूसारखा नाहीसा होतो. जुनी गाडी विकणाऱ्याचा हा आवडता स्क्रू आहे. आतले दाते मधल्या भागात जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्ये ढिलाई राहणार नाही इतका स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर दाते जाम होतात. म्हणून गाडी विकत घेताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहावे. मध्ये हलके आणि टोकांना जड लागले तर सौद्यातून रक्कम कमी करून घ्यावी, किंवा सलाम करून घरी यावे.

सगळी ढिलाई निघाली की माप घेण्याची वेळ येते. आता ते माप कसले? पुढची दोन चाके वरून पाहिली तर पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा किंचित जवळ ठेवलेल्या असतात. याला टो-इन म्हणतात. ढकलली जाणारी पुढची चाके जमिनीच्या विरोधाने बाहेर फाकू पाहतात, सांध्यांतला थोडासा प्लेही त्याच दिशेला जातो. म्हणून आधीच थोडी आत वळवून ठेवली की चालताना ती सरळ होतात. छोट्या ट्रॅक्टरांत हा फरक सहसा २ ते ६ मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच खरा मानावा.

मापाला महागडे यंत्र लागत नाही. महामार्गावरच्या दुकानांतली संगणकाची अलाइनमेंट मोटारींसाठी ठीक आहे, आपल्या कामाला सिमेंटची सपाट जमीन, पोलादी फीत आणि शिंप्याचा खडू पुरे. कापडी फीत नको, ती ताणली जाते. हे आमच्याइतके कोण जाणणार! चाके सरळ ठेवून गाडी थोडी पुढे ढकलावी. दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, बरोबर हबच्या उंचीवर, मधल्या पट्टीवर खडूची खूण करावी. खुणांमधले अंतर मोजावे. मग चाक अर्धा फेरा फिरेपर्यंत गाडी पुढेच ढकलावी, म्हणजे त्याच खुणा पुढे त्याच उंचीवर येतील. पुन्हा मोजावे. तीच खूण दोन्हीकडे वापरल्यामुळे रिम वाकडी असली तरी माप चुकत नाही. गाडी मागे घेतली तर सांध्यांतली ढिलाई उलट बाजूला जाते, म्हणून मागे घेऊन मोजू नये.

समजा मागे ११०० मिलिमीटर आले आणि पुढे १०८५. टो-इन १५ झाले, आपल्याला हवे ४ किंवा ५. म्हणजे १० मिलिमीटर काढायचे. इथे घाई करणारा माणूस टाय रॉड १० मिलिमीटर फिरवतो आणि चाके उलटी फाकवून बसतो. हिशेब असा आहे. स्टीअरिंग आर्म लहान असतो, चाक मोठे असते. आर्म १५० मिलिमीटरचा आणि टायरचा व्यास ५०० मिलिमीटर धरला तर टाय रॉडच्या ३ मिलिमीटरला टायरवर सुमारे १० मिलिमीटरचा फरक पडतो. बहुतेक टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, त्यामुळे रॉड एक फेरा फिरवला की लांबी दोन्हीकडून बदलते. म्हणून पाव-पाव फेरा फिरवायचा, गाडी पुढे ढकलायची आणि पुन्हा मोजायचे. टाय रॉड आसाच्या मागे असेल तर लांब केल्याने टो-इन वाढते, आखूड केल्याने कमी होते. रॉड आसाच्या पुढे असेल तर बरोबर उलट.

आटे गंजून जाम झाले असतील तर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. बॉल जॉइंट निघत नसेल तर त्याच्या आट्यांवर हातोडी मारू नये. ज्या डोळ्यात तो बसला आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोड्यांचे ठोके द्यावेत, तो सुटतो. पुन्हा बसवताना कॉटर पिन नवीच घालावी. जुनी सरळ करून घालणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

कधी कधी सरळ चालताना सर्व ठीक असते, पण वळताना पुढचे टायर माती खरवडतात. वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, कारण त्याचा घेर लहान असतो. ही युक्ती म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराची. १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले आणि नाव त्यांचे पडले. घोडागाडीसाठी निघालेली ही मांडणी आजही ट्रॅक्टरच्या स्टीअरिंग आर्मच्या तिरकेपणात आहे. बांधातल्या काळ्या दगडावर चाक आपटून हा आर्म वाकला की टो-इन बरोबर असूनही वळण बिघडते. मोकळ्या जागेत डावीकडे आणि उजवीकडे एकेक पूर्ण फेरी मारून जमिनीवरचे दोन घेर मोजावेत. त्यात ठळक फरक असेल तर आर्म काढून दुसऱ्या बाजूच्या आर्मशी ताडून पाहावा.

चारही चाकांना ताकद असलेल्या छोट्या ट्रॅक्टरांत पुढच्या आसात गिअर आणि तेल असते. तिथे टाय रॉड आणि टायर घरी पाहावेत, बाकी काम जाणकाराकडेच न्यावे.

हे काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे. पाऊस सुरू झाला की प्रत्येक मिस्त्रीच्या दारात रांग असते, भाड्याची कामे अंगावर आलेली असतात आणि मग जे काही होते ते घाईत होते. सुटे भाग घेताना जुना भाग हातात घेऊन जावे आणि दुकानदाराच्या आठवणीवर न जाता माप लावून घ्यावे. नवे भाग बसवल्यावर सुमारे दहा तास काम झाले की लॉक नट पुन्हा आवळावेत आणि एकदा फीत लावून पाहावी. आलेला आकडा तारखेसह टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत ऑइलपेंटने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तोच आकडा २ मिलिमीटरहून जास्त हलला असेल, तर टाय रॉडला हात न लावता पुन्हा सांध्यांपासून सुरुवात करावी.